देणे आणि दोष



एलूल महिना लागला, पहाटे सेलिहोतला जाणाऱ्यांच्या पावलांचा आवाज जिन्यात येऊ लागला, की आमच्या पिढीच्या माणसांच्या मनातली हिशेबाची वही आपोआप उघडते. कोकणात आमचे वाडवडील योम किप्पुरला ‘दारफाळणीचा सण’ म्हणत. दारे लावून घ्यावयाची, पांढरी वस्त्रे नेसावयाची आणि दिवसभर आत बसून राहावयाचे. इथे आल्यावर सणाचे ते नाव मागे पडले. दार लावून आत बसण्याची सवय मात्र काही जणांच्या अंगी बारा महिने राहिली आहे. आजच्या लेखाचा विषय तीच सवय आहे.

निमित्त एका पत्राचे झाले. रामला येथील एका भगिनीने गेल्या महिन्यात आम्हांस दोन पाठपोट पाने लिहून पाठविली. त्यांची आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची. घरी सांभाळणे अशक्य झाले तेव्हा भावंडांनी मिळून तिला बेत आवोतमध्ये ठेवले. तिसऱ्या आठवड्यात ती रात्री न्हाणीघराकडे जाताना पडली, खुब्याचे हाड मोडले आणि पुढे दोन महिन्यांनी वारली. या भगिनी लिहितात, ‘मी तिला घरी ठेवावयास हवे होते. घरी असती तर ती पडली नसती. आता सांगा, माझ्या या दोषाला क्षमा आहे का?’ पत्राच्या दुसऱ्या पानावर मध्येच एक वाक्य येते की, घरी असताना आई पेसाखपासून दोनदा पडली होती आणि म्हणूनच सोय पाहावी लागली. ते वाक्य लिहून त्या पुढे जातात. स्वतःच्याच हाताने लिहिलेला हा पुरावा त्यांना दिसत नाही.

पत्राला लगेच उत्तर द्यावयाचे होते. परंतु लिहावयास बसलो आणि आमचीच लेखणी अडखळली. का अडखळली ते पुढे येईल.

प्रथम शब्दांविषयी थोडे. या देशात आल्यावर उल्पानमध्ये जे पहिले शंभर शब्द कानी पडले त्यांत ‘हय्याव’ हा एक होता. ‘मला जावे लागेल’ हे सांगावयाचे तरी हय्याव, आणि नगरपालिकेची अर्नोना थकली तरी माणूस हय्याव. पुढे धर्मग्रंथांचा थोडा परिचय झाल्यावर कळले की, न्यायासनासमोर जो दोषी ठरला तोही हय्यावच. जो सुटला तो ‘झकाई’. कर्ज म्हणजे होव, कर्तव्य म्हणजे होवा. एकाच धातूच्या पोटी कर्तव्य, कर्ज आणि दोष ही तीन भावंडे जन्मास आलेली. आपली मराठी या बाबतीत अधिक उदार म्हणावी लागेल. आपल्याकडे कर्तव्य वेगळे, देणे वेगळे आणि दोष वेगळा. परंतु मराठीनेही एक गंमत करून ठेवली आहेच. ‘मला चहा पाहिजे’ यात इच्छा आहे आणि ‘मला गेले पाहिजे’ यात सक्ती आहे, पण क्रियापद एकच! आपल्या घरांतील कित्येक कलह या एका ‘पाहिजे’पायी झाले आहेत. सासूबाई ‘शब्बाथला सर्वांनी आले पाहिजे’ म्हणतात तेव्हा त्यांना खरोखर ‘मला सर्वजण हवे आहेत’ एवढेच म्हणावयाचे असते. सुनेच्या कानी पडते ती मात्र आज्ञा.

जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या मनोविकारतज्ज्ञ करेन हॉर्नी यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या ‘पाहिजे’च्या जुलमावर एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले. माणूस मनाशी स्वतःची एक आदर्श मूर्ती घडवितो, मग त्या मूर्तीला जे शोभेल ते आपण केलेच पाहिजे असे स्वतःस फर्मावितो, आणि ते जमले नाही की स्वतःचाच तिरस्कार करू लागतो, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. त्या मूर्तीला थकवा नसतो, कंबरदुखी नसते, कारखान्यातील रात्रपाळी नसते. रामलाच्या भगिनी ज्या कन्येशी स्वतःची तुलना करीत आहेत ती कन्या रात्री झोपत नाही.

मग अशा मनातल्या खटल्याला आपल्या धर्मशास्त्रात काही उत्तर आहे काय? आहे, आणि ते आम्हांस फार उशिरा सापडले. आपल्या कायद्यानुसार पैशाच्या व्यवहारात माणसाने ‘मी अमुक इतके देणे लागतो’ असे कबूल केले तर ती कबुली शंभर साक्षीदारांच्या तोलाची मानतात. त्यापुढे पुरावा लागत नाही. परंतु शिक्षेचा प्रश्न आला की नेमके उलटे. ‘मी अपराध केला’ असे माणसाने स्वतः येऊन सांगितले तरी बेथ दीन त्या कबुलीवर त्याला फटके मारू शकत नाही, देहदंडाची तर गोष्टच नको. तालमूदमध्ये रावा यांनी याचे कारण सांगितले आहे. नातलगाची साक्ष ग्राह्य नसते, आणि माणूस हा स्वतःचा सर्वांत जवळचा नातलग! नातलग नेहमी आपल्या बाजूनेच बोलतो असे थोडेच आहे? तो विरुद्धही बोलतो, आणि तेही तितक्याच पक्षपाताने.

रंबाम यांनी बाराव्या शतकात हा नियम आपल्या मिश्ने तोरामध्ये, सान्हेद्रिनच्या नियमांच्या अठराव्या प्रकरणात, नोंदविला तेव्हा त्यास आणखी एक कारण जोडले. ते स्वतः वैद्य होते हे तेथे जाणवते. कदाचित या माणसाचे चित्त भ्रमिष्ट झाले असेल, कदाचित तो मनाने इतका कडवटलेला असेल की त्याला मरणाचीच ओढ लागली असेल, आणि म्हणून न केलेली गोष्ट केली असे तो सांगत असेल, अशी शंका त्यांनी घेतली. १९६६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांसमोरील कबुलीजबाबासंबंधी मिरांडा खटल्यात जो प्रसिद्ध निर्णय दिला, त्याच्या एका तळटीपेत रंबामच्या या नियमाचा हवाला आहे. तात्पर्य, देण्याची कबुली ग्राह्य. दोषाची कबुली अग्राह्य. आम्ही आयुष्यभर नेमके याच्या उलट करीत आलो.

आता आमच्या अडखळलेल्या लेखणीविषयी.

१९७१ साली आम्ही अलिबागहून निघालो तेव्हा चोवीस वर्षांचे होतो. नुकतेच लग्न झालेले. ट्रंका, गरम कपडे आणि वाण्याची बाकी भागविणे एवढ्यासाठी हाती पैसे नव्हते. आमच्या मोठ्या वहिनी त्या वेळी विधवा होत्या, पदरी एक मुलगी, आणि इस्रायल आळीत शिवणकामावर घर चाललेले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या आल्या आणि रुमालाची गाठ सोडून सहाशे रुपये मोजून आमच्या हातावर ठेवले. म्हणाल्या, ‘भावजी, सवडीने पाठवा. घाई नाही.’ त्या काळी सहाशे रुपयांत सुमारे अडीच तोळे सोने येत असे. पैसे कोठून आणले हे आम्ही विचारले नाही. वहिनींच्या हातातील पाटली त्यानंतर कोणी पाहिली नाही, हे आम्हांस फार पुढे कळले.

पहिली दोन वर्षे दिमोनात सूतगिरणीच्या पाळ्यांत गेली. १९७३ च्या उन्हाळ्यापर्यंत दोनशे लिरा बाजूस पडल्या होत्या. मग युद्ध आले, राखीव सेवेत महिने गेले, धाकट्याचा जन्म झाला, आणि त्या दोनशे लिरांचे कपडे धुण्याचे यंत्र झाले. भारत आणि इस्रायल यांच्यात तेव्हा पूर्ण राजनैतिक संबंध नव्हते (ते १९९२ साली जुळले), चलनावर निर्बंध होते, पैसे पाठविणे खरोखरच अवघड होते. परंतु मुंबईस जाणारे कोणी ना कोणी वर्षातून दोनदा भेटतच असे, आणि त्यांच्या हाती आपले लोक चष्म्यापासून घड्याळापर्यंत सर्व काही पाठवीत होते. अडचण खरी होती, पण आम्ही जितकी सांगत होतो तितकी नव्हती.

वहिनींचे निळे एरोग्राम दर तीन महिन्यांनी येत. ‘सर्वांना शालोम. पाऊस फार झाला. मुलगी सातवीत गेली. तुम्ही प्रकृतीस जपावे.’ पैशाचा एक शब्द नसे. त्यांनी मागितले असते तर कदाचित आम्ही दिले असते! त्यांचे ते न मागणेच आम्हांस आरोपपत्रासारखे वाटू लागले. ‘प्रकृतीस जपावे’ या साध्या शब्दांतही टोमणा दिसू लागला. १९७६ साली एक एरोग्राम अकरा दिवस कपाटावर न उघडता पडून होता. आमच्या मंडळींनी तो उघडला आणि वाचून दाखविला. त्यात पावसाचीच हकीकत होती. त्यानंतर आमची उत्तरे सहा महिन्यांनी, मग वर्षाने जाऊ लागली, आणि पुढे केवळ रोश हशानाचे छापील कार्ड. १९८६ साली वहिनी गेल्याची तार आली.

आम्ही पैसे विसरलो होतो असे कोणी समजू नये. आम्ही ते एक दिवसही विसरलो नाही. ‘आपण कृतघ्न आहोत, विधवेचे पैसे बुडविणारे आहोत’ हा निकाल आम्ही स्वतःविरुद्ध केव्हाच देऊन टाकला होता, आणि हा निकाल रोज नव्याने वाचणे हेच जणू आमचे प्रायश्चित्त होते. मनाला जो जाच होई तो आम्ही हप्ता समजत होतो. वहिनींच्या हाती मात्र त्या हप्त्यांतील एक पैसाही पडला नाही. सहाशे रुपयांचे देणे फिटण्याजोगे होते. अगदी १९८४ साली, जेव्हा या देशात महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली आणि पगार खिशातून काढेपर्यंत आटत असे, तेव्हाही थोडे थोडे करून फिटले असते. परंतु आम्ही देण्याचे दोषात रूपांतर केले, आणि दोष काही कोणाच्या हाती पाठविता येत नाही.

याच १९७१ साली अमेरिकेत हेलन ब्लॉक लुईस या विदुषींचा लज्जा आणि अपराधभावना यांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, हा योगायोग आम्हांस अलीकडे कळला. त्यांनी या दोन भावनांची फोड केली आहे. अपराधभावनेत मन कृत्याकडे पाहते, ‘मी हे वाईट केले’. लज्जेत ते स्वतःकडे पाहते, ‘मीच वाईट’. पुढे जून टँगनी प्रभृती संशोधकांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन दाखविले की, पहिली भावना माणसास क्षमा मागण्याकडे, भरपाई करण्याकडे वळविते. दुसरी तोंड लपविण्याकडे, आणि पुष्कळदा दुसऱ्यावर रागावण्याकडे. हे वाचून आम्ही चपापलो. कारण सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आम्ही वहिनींवर मनातून चक्क रागावलो होतो. ‘एवढे काय ते सहाशे रुपये!’ असे एकदा घरात बोलूनही गेलो. मंडळींनी त्या दिवशी आमच्याशी अबोला धरला.

आता पुन्हा रामलाच्या भगिनींकडे वळू. त्यांची गोष्ट आमच्यासारखी नाही. आमच्या माथी खरे देणे होते. त्यांच्या माथी ते आहे की नाही, हाच प्रश्न आहे. ‘घरी असती तर पडली नसती’ हे त्यांना आज जितके स्वच्छ दिसते तितके त्या दिवशी दिसत होते काय?

जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठात याच प्रश्नावर काम झाले आहे. १९७२ साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन पेकिंग आणि मॉस्को येथे जाणार होते. बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी दौऱ्याआधी विद्यार्थ्यांना विचारले की, निक्सन माओंना भेटतील काय, अमुक घडेल काय, तमुक घडेल काय, आणि शक्यतेचा अंदाज आकड्यांत लिहून घेतला. दौरे उरकल्यावर काही काळाने त्यांनाच विचारले, ‘तुम्ही तेव्हा कोणता आकडा दिला होता, आठवा.’ जे घडले असे विद्यार्थ्यांना वाटत होते त्याला आपण आधीच अधिक मोठा आकडा दिला होता, अशी त्यांची प्रामाणिक आठवण झाली होती. १९७५ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. घटना घडली की मन मागे जाऊन आपली जुनी वही गुपचूप खोडते, आणि मग त्या खोडलेल्या वहीवरून माणूस स्वतःला विचारतो, ‘तुला माहीत होते ना?’

याच वर्तुळातील दुसरे दोन थोर संशोधक म्हणजे डॅनियल काहनेमान आणि अमोस त्वेर्स्की. त्यांनी १९८२ साली एक प्रश्न मांडला. दोन प्रवासी एकाच मोटारीतून विमानतळाकडे निघाले. विमाने वेगळी, पण सुटण्याची वेळ एकच. वाटेत खोळंबा झाला आणि दोघे अर्धा तास उशिरा पोहोचले. एकाचे विमान वेळेवर सुटले होते. दुसऱ्याचे विमान उशिरा, अवघ्या पाच मिनिटांपूर्वी सुटले होते. अधिक वाईट कोणास वाटेल? विचारलेल्यांपैकी ९६ टक्के लोकांनी दुसऱ्याचे नाव घेतले. नुकसान दोघांचेही सारखे, चूक दोघांचीही नाही. पण दुसऱ्याला ‘जरा लवकर निघालो असतो तर’ हे चित्र सहज रंगविता येते, म्हणून त्याचा जीव अधिक जळतो. दुःखाचे माप अपराधावरून ठरत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो. तीन आठवड्यांपूर्वी आई घरी होती. ते चित्र जवळचे आहे, म्हणून टोचते. बेत आवोतमध्ये तीन वर्षे काढून आई पडली असती तर याच भगिनींनी हे पत्र लिहिले असते का? आम्हांस शंका आहे.

गंमत अशी की, ‘तेव्हा माहीत असते तर?’ हा प्रश्न आपल्या धर्मशास्त्रालाही ठाऊक आहे. पण तेथे त्याचे काम निराळेच आहे. आपल्याकडे एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलण्याची रीत. मुलाला नोकरी लागावी, प्रवास सुखरूप व्हावा, म्हणून पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडण्याचे वचन द्यावयाचे. नवस बोलणे सोपे. पण कधी कधी माणूस आवेशात असे काही बोलून जातो की ते पाळणे अशक्य होते. अशा वेळी तो तीन जाणत्या पुरुषांपुढे किंवा एका विद्वानापुढे जातो. ते त्यास विचारतात, ‘हे असे होईल हे त्या वेळी ठाऊक असते, तर तू हे वचन दिले असतेस काय?’ तो मनापासून ‘नाही’ म्हणाला की, वचनाला दार सापडले. याला हिब्रूत ‘पेतह’, म्हणजे दारच, म्हणतात. नेदारिमच्या मिश्नेत अशा दारांचे एक प्रकरणच आहे. म्हणजे शास्त्र ज्या प्रश्नाने माणसाला सोडविते, त्याच प्रश्नाने आपण स्वतःला कोंडतो. रामलाच्या भगिनींना आम्ही एवढेच विचारू इच्छितो: आई तेथे पडेल हे ठाऊक असते, तर तुम्ही तिला ठेवले असते काय? नाही ना? मग हेच उत्तर तुमच्या बाजूचे आहे. ते तुम्ही विरुद्ध बाजूच्या वकिलाच्या हाती का दिले?

येथे थोडे विषयांतर क्षम्य व्हावे. स्वतःला आरोपी समजून जगण्याची सवय आपल्या समाजाला थोडी अधिक लागली आहे काय, असे कधी कधी मनात येते. १९६२ साली मुख्य रब्बी मंडळाने विवाहनोंदणी करणाऱ्या रब्बींना सूचना धाडल्या की, बेने इस्राएल वधूवरांच्या आईची, आजीची आणि जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करावी. आम्ही त्यानंतर नऊ वर्षांनी आलो, पण ज्यांनी ते दिवस काढले त्यांच्या तोंडून ऐकले आहे. धरणे, मोर्चे, उपोषणे झाली. १९६४ च्या ऑगस्टमध्ये क्नेसेटने बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला आणि सूचनांतून आपले नाव गेले. लढा जिंकला. तरीही त्या पिढीतील एक वृद्ध गृहस्थ आम्ही पाहिले आहेत, जे आरोग्यकेंद्रात रक्तदाब तपासावयास गेले तरी केतुबाची नक्कल पिशवीत ठेवीत. कोणी मागितली नव्हती. चौकशी करणारे घरी गेले तरी चौकशी चालूच होती. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवून ज्यांनी गावोगाव ‘शनवार तेली’ हे नाव कमावले, त्यांच्या नातवाला आपल्या यहुदीपणाचा कागद जवळ बाळगावासा वाटावा! आणि मुलांना मराठी शिकविली नाही, शिकविली तर हिब्रू कच्चे राहिले, दोन्हींबद्दल दोष पुन्हा आपणच घ्यावयाचा. असो. त्यावर कधी तरी स्वतंत्र लिहू.

किप्पुरच्या दिवशी आपण जी कबुली म्हणतो तिच्याकडे या वर्षी वाचकांनी जरा निरखून पाहावे. ती ‘मी’ची नाही, ‘आम्ही’ची आहे. आणि ती वर्णमालेच्या क्रमाने आहे. आलेफपासून सुरू होते आणि तावशी संपते. पंडितांनी याची अनेक कारणे दिली असतील. आम्हांस आपले असे वाटते की, अक्षरे संपली की यादी संपते, हीच सोय असावी. आमची स्वतःची यादी कोणत्याच अक्षरावर संपत नसे.

मृत माणसाचा अपराध केला असेल तर काय करावे, हेही रंबाम यांनी तेशुवाच्या नियमांत सांगून ठेवले आहे. दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीवर जावे आणि त्यांच्या देखत अपराध नाव घेऊन सांगावा. आणि पैशाचे देणे असेल तर? तर ते वारसांस द्यावे. वारस माहीत नसतील तर बेथ दीनकडे ठेवावे. आम्ही हे प्रथम वाचले तेव्हा त्यातील कोरडेपणाने दचकलो. अश्रू किती ढाळावे, किती वर्षे झुरावे, याचा तेथे उल्लेख नाही. वारस कोण ते पाहा आणि रक्कम पोहोचती करा, बस्स.

२००९ साली आम्ही अलिबागला गेलो होतो. कबरस्तानात वहिनींच्या कबरीवर उभे राहिलो, खडा ठेवला, पण दहा माणसे नव्हती. खरे सांगावयाचे तर गोळा करण्याचा प्रयत्नही केला नाही. इस्रायल आळीत आता मोजकी घरे उरली आहेत, ही सबब हाताशी होतीच. परतताना ठाण्यास पुतणीकडे चहा घेतला. तिला खजुराचा डबा आणि एक स्वेटर दिला. पैशाचा विषय जिभेवर आला आणि चहाबरोबर खाली गेला. साठीला आलेला काका पुतणीच्या हातचा चहा पीत तिच्या आईचे सहाशे रुपये गिळून बसला आहे, असे त्या वेळी मनात आले. आणि त्या विचाराने काय केले? तर काहीच नाही! आम्ही लवकर उठलो.

रामलाचे पत्र आले आणि दुसऱ्या बाईला उपदेश करावयास बसलेल्या या लेखकाला स्वतःचे टेबल आधी आवरावे लागले. परवा पुतणीला दूरध्वनी केला. सर्व हकीकत सांगितली, पाटलीसुद्धा. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारले, ‘काका, हे सांगायला तुम्हाला इतकी वर्षं का लागली?’ आम्ही खरे ते सांगितले, की लाज वाटत होती. ती म्हणाली, ‘आईला वाटायचं तुम्ही रागावलात. आपलं काय चुकलं, म्हणून ती विचारत राहायची. आपण तुम्हाला निघताना घरी जेवायला बोलावलं नाही, म्हणून असेल, असं तिने ठरवून टाकलं होतं.’

वाचकहो, हे ऐकून आम्हांस खाली बसावे लागले. आम्ही इकडे स्वतःवर खटला चालवीत होतो, आणि त्याच वर्षांत ती बाई तिकडे, अलिबागेत, न केलेल्या अपराधाची कबुली स्वतःशी देत होती. आमच्या मौनाने तिला तो अपराध पुरविला होता. सहाशे रुपयांच्या देण्यात हे आम्ही कधी धरलेच नव्हते. हे कोणत्या वारसाला पोहोचते करावयाचे, ते रंबामला ठाऊक असेल तर असो.

रक्कम किती द्यावी हाही प्रश्न निघाला. सहाशे रुपये आज म्हणजे दोघांचे साधे मासळीचे जेवण. सोन्याच्या भावाने हिशेब केला तर आकडा पाहून डोळे फिरतात. पण यहुद्याने यहुद्याकडून व्याज घेणे तोरात निषिद्ध, मग वाढीव रक्कम व्याज होते काय? येथील रब्बींकडे गेलो. त्यांनी अर्धा तास आम्हांसच प्रश्न विचारले, दोन ग्रंथ काढले, देणे सहाशेचेच असे सांगितले, आणि वर काय करता येईल याचा विचार पुढील आठवड्यावर टाकला. तूर्त सहाशे रुपये बँकेतून पाठविले. पाठविण्याचा खर्च त्याहून अधिक आला; बँकेतील मुलीने दोनदा विचारले की, आकड्यात एखादे शून्य राहिले तर नाही ना. कबरीवर जाण्याचे हनुक्कानंतर ठरविले आहे. ठाण्याहून माणसे जमविण्याचे पुतणीने पत्करले आहे. दहा होतील असे ती म्हणते.

तिच्याकडे वहिनींची हिशेबाची वही आहे. ती तिने त्या रात्री काढून पाहिली आणि दुसऱ्या दिवशी तिचे छायाचित्र धाडले. शिलाईचे येणे, वाण्याचे देणे, दूधवाल्याचे साडेचार रुपये, मलिद्यासाठी खोबरे, सर्व काही वहिनींच्या बारीक अक्षरांत आहे. आमचे नाव त्यात कोठेही नाही. ही वही मात्र १९७४ पासूनची आहे. त्याआधीच्या वहीचे काय झाले ते पुतणीला माहीत नाही.